वर जाणारी पावलं

१

आमच्या घरात सकाळचं पहिलं काम माझं असे. पुष्पलता, म्हणजे माझी बायको, चहा टाकायची आणि मी तांब्या घेऊन स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटासमोर उकिडवा बसायचो. कपाटाचे चार पाय चार वाट्यांत उभे असत. दुधाभाताला मुंग्या लागू नयेत म्हणून वाट्यांत पाणी. त्या काळी हे घरोघरी होतं, पण पाणी भरायला घरातला कर्ता पुरुष बसलेला दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

"एवढ्या मोठ्या पुलाईवर देखरेख करता ना, मंग ह्या चार वाट्याईवर बी करा," असं पुष्पलता म्हणे. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. हाताखाली पन्नास माणसं असत, पण उंबऱ्याच्या आत माझी ही एवढीच नेमणूक होती.

साल चौऱ्याहत्तर, महिना मे. प्रताप नगरात घर बांधून जेमतेम वर्ष झालं होतं. भोवती मोकळे प्लॉट, मुरूम आणि बाभळी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि अंगणातून गच्चीवर जाणारा जिना. राहणारे आम्ही चौघं: मी, पुष्पलता, आमची विशाखा आणि माझी आई इंदूबाई.

आई मौद्याकडच्या एका खेड्यातली. वडील लवकर गेले, आणि तिनं विड्या वळून मला शिकवलं. एवढं करून माझ्याकडे तिनं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. "मले एकदा समुद्र दाखव गा, रवी." दर वर्षी मी हो म्हणायचो आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. त्या वर्षी मात्र योग आला. माझे जुने सहकारी चंपतराव यांची बदली कोकणात झाली होती, आणि पुतणीच्या लग्नासाठी ते मे महिन्यात नागपूरला यायचे होते. ऐन मे महिन्यात समुद्र सोडून नागपुरात येणाऱ्या माणसाची मला कीव आली, पण त्यांचं समुद्राकाठचं घर आठ दिवस आम्हाला मिळत होतं.

निघायला आठवडा राहिला असताना, एका सकाळी मी तांब्या घेऊन बसलो आणि बघतच राहिलो. पूर्वेकडच्या दोन वाट्या ठणठणीत कोरड्या होत्या. पश्चिमेकडच्या दोन काठोकाठ भरलेल्या होत्या, इतक्या की बोट लावलं असतं तर सांडल्या असत्या.

२

पहिल्या दिवशी मी पुष्पलतेवर संशय घेतला आणि बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी विशाखेवर. तिसऱ्या दिवशी मी कामावरून गवंड्याची सपाटी बघायची पाण्याची नळी घरी आणली आणि स्वयंपाकघराची फरशी तपासली. फरशी सपाट होती. मीच घालून घेतली होती, सपाट नसून जाते कुठे? मग वाट्यांची अदलाबदल केली, पूर्वेच्या पश्चिमेला आणि पश्चिमेच्या पूर्वेला. सकाळी पुन्हा तेच.

"उन्हाळा हाय गा," आई म्हणाली. "आटलं असन पानी."

"दोनच वाट्यांतलं आटलं? आणि बाकीच्या दोन भरल्या कुठून?"

"तू शिकेल हायस. तूच सांग."

आमच्याकडे अशा वेळी करण्यासारखं फार काही नव्हतं. दुसरे कोणी असते तर लिंबू उतरवून टाकते. पण भूतखेतं, अंगारे, ताईत हे सगळं माझ्या आईवडिलांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर सोडलं आणि पुन्हा घरात येऊ दिलं नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि त्या तसबिरीखाली बसून वाटीतल्या पाण्याला घाबरणं मला शोभलं नसतं. म्हणून मी म्हणालो की भांड्यांना बारीक चीर असेल. कपाट ओढून पाय पुसले आणि विषय संपवला.

त्या संध्याकाळी आई विशाखेला तळ्याच्या गोष्टी सांगत बसली होती. आईच्या गावाला मोठा तलाव होता. भर उन्हाळ्यात तो आटला की सगळं गाव टोपल्या घेऊन चिखलात उतरायचं. मरळ, झिंगे, जे हाताला लागेल ते. आईच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस असावा, कारण ते सांगताना ती बसल्या जागी लुगडं खोचायला लागायची.

"पानी मागं हटलं का देनं असते तलावाचं," ती म्हणाली. "तवा घरात बसू नये, टोपली घेऊन पयाव."

मला ऐकताना हसू आलं. आज ते वाक्य आठवून हसू येत नाही.

३

दुपारी आम्ही मधल्या खोलीत आडवे होत असू. खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी मारलेलं, खोलीत अंधार आणि वाळ्याचा वास. बाहेर चिटपाखरू नसे. नागपूरच्या दुपारी कुत्रीसुद्धा आवाज करत नाहीत.

निघायच्या दोन दिवस आधीची दुपार. मला जाग आली ती पावलांनी. अंगणातल्या जिन्यावरून कोणीतरी वर जात होतं. अनवाणी, आणि ओल्या पायांनी. पायरीवर ओला पाय पडल्याचा आवाज वेगळा असतो, तो ओळखायला चूक होत नाही. एक गेलं, मागून दुसरं, मग दोघं-तिघं बरोबर. घाई होती, पण गडबड नव्हती. पावलं वर जात होती आणि एकही खाली येत नव्हतं. आमची गच्ची एवढीशी. इतकी माणसं तिथे मावली नसती.

मी स्वतःला म्हणालो, उन्हानं सिमेंट फुगतं, तडतडतं. नव्या बांधकामात होतं असं. मी हे मनातल्या मनात दोनदा म्हणालो.

"बाबा," अंधारातून विशाखा म्हणाली, "हे सारे वर काहून जाऊन राहिले?"

मी उठून बाहेर गेलो. ऊन डोळ्यांवर आदळलं. चप्पल घालायचं विसरलो होतो, तळवे भाजत वर चढलो. गच्चीवर चिंचा वाळत पडल्या होत्या, बाकी कोणी नव्हतं. सगळ्यात वरच्या पायरीवर एक ओला डाग होता. मी वाकेपर्यंत तो सुकला आणि त्याच्या जागी पांढरी कड राहिली. नव्या सिमेंटला लोणा धरतो, मिठासारखा पांढरा, ते मला चांगलं ठाऊक होतं. मी बोटानं ती पुसली, आणि बोट चाखून बघायचं धैर्य मला झालं नाही.

खाली आलो तर पुष्पलता उठून बसली होती. "आपन नाही गेलो तर?" ती हळूच म्हणाली.

आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ती न वळता म्हणाली, "तिकिटं काढली ना? मंग जाचं."

४

रेल्वे, मग एसटी, मग आणखी एक एसटी. घाट उतरताना विशाखेला उलट्या झाल्या आणि आईनं वाटेतल्या प्रत्येक झऱ्याला "हाच का समुद्र?" असं विचारून सगळ्या गाडीला हसवलं. संध्याकाळी आम्ही पोचलो.

चंपतरावांचं घर कौलारू होतं, अगदी वाळूला लागून. मागे लगेच डोंगर चढत होता आणि त्याच्यावरून जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट वरच्या वाडीकडे गेली होती. तिला तिथे पाखाडी म्हणत. पुढच्या खिडकीत समुद्र आणि मागच्या दारात पाखाडी, अशी त्या घराची रचना होती.

आई ओसरीवर उभी राहिली ती अंधार पडेपर्यंत हललीच नाही. मी जवळ गेलो तर तिचे डोळे वाहत होते.

"किती मोठा तलाव केला वं," ती कोणाला तरी म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. इतकी वर्षं हे का टाळलं, म्हणून स्वतःचा रागही आला.

तिथल्या मुंग्या नागपूरच्या मुंग्यांहून तिखट. पुष्पलतेनं परातीत पाणी घालून मधोमध लाडवांचा डबा ठेवला. मी रोज सकाळी सहज गेल्यासारखं दाखवत ती परात बघून यायचो. पाणी सगळीकडे सारखं असायचं. माझा जीव भांड्यात पडला. तिकडचे आवाज नागपुरात राहिले, असं मी ठरवून टाकलं.

शेजारी सत्यवती म्हणून बाई होत्या. नवरा होडीवर, आणि त्या अंगणात मासळी वाळवत. आईची आणि त्यांची एका दिवसात गट्टी जमली. एकमेकींची भाषा निम्मीच कळत होती, त्यामुळे भांडायला वाव नव्हता. आई आणि विशाखा दिवसभर वाळूत, आणि रात्री सगळ्यांच्या अंथरुणात वाळू. समुद्राचा आवाज अखंड चालू असे. दोन दिवसांनी तो ऐकू येईनासा झाला, गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही तसा.

५

म्हणूनच तो थांबला तेव्हा मला आधी कळलंच नाही की काय थांबलंय.

न्याहारी झाली होती. पुष्पलता मागच्या दारात भांडी घासत होती. मी दाढीला बसलो होतो आणि एकाएकी मला माझ्याच गालावरचा वस्तरा ऐकू आला. घर एकदम बहिरं झालं होतं. कावळे नव्हते, वारा नव्हता. मी उठलो तो, का कोण जाणे, आधी स्वयंपाकघरात गेलो.

परातीतलं पाणी पश्चिमेच्या कडेला जाऊन उभं राहिलं होतं. उभंच म्हणतो, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. अर्धी परात उघडी पडली होती, पितळ कोरडं दिसत होतं, आणि पलीकडच्या कडेला पाणी फुगून काठाच्या वर आलं होतं आणि सांडत नव्हतं.

मागच्या पाखाडीवर पावलं वाजली. ओली, अनवाणी, एकामागून एक. वर जाणारी. पुष्पलता भांडं हातात धरून दारात उभी होती आणि रिकाम्या पायऱ्यांकडे बघत होती.

"तेच हाय," ती म्हणाली. "घरचंच."

मी समोरच्या खिडकीशी धावलो. समुद्र नव्हता. काल जिथे लाटा फुटत होत्या तिथपासून पार लांबवर काळा, चकाकणारा चिखल होता, त्यात खडक उघडे पडले होते आणि मासे तडफडत होते. गावातली पाचपंचवीस माणसं किनाऱ्यावर येऊन बघत उभी होती. आणि सगळ्यांच्या पुढे, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, सत्यवतींची टोपली काखेत मारून, माझी आई चिखलात उतरली होती. विशाखा तिच्या मागे.

"तू वर जा," मी पुष्पलतेला म्हणालो. "त्या दोघींना मी आणतो."

६

"रवी! अरे आटला गा!" आई मला बघून ओरडली. तिचा चेहरा लहान पोरीसारखा फुलला होता. "ये, किती मच्छी हाय पाय!"

मी आधी विशाखेला धरलं, वाळूच्या दिशेनं ढकललं आणि "पळ, आईकडे जा, वर," असं ओरडलो. ती पळाली. मग मी आईचा दंड धरला.

"वर चल."

"काहून?"

मी शिकलेला माणूस, आणि माझ्याजवळ एक परात आणि काही पावलं याखेरीज काही कारण नव्हतं. आई हात सोडवत होती. तिचं खरंच होतं, तलाव आटल्यावर कोणी घरी जातं का?

"आई," मी म्हणालो, "ते आपल्या जिन्यावरून जात होते ना, ते आत्ता इथून वर गेले. मी ऐकलं."

ती थांबली. "तुले बी आयकू आलं होतं?"

"तुला येत होतं?"

"रोज. मी सांगतलं असतं तर तू मले आनलं नसतं."

तेवढ्यात तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि मीही वळलो. फार लांब, जिथे पाणी जाऊन थांबलं होतं तिथे, माणसं होती. वाकून मासे वेचत असल्यासारखी. मला वाटलं गावातलीच. पण गावातली सगळी आमच्या अलीकडे होती. मग ती एकदम सरळ झाली, सगळीच्या सगळी, आणि आमच्याकडे चालत यायला लागली. त्यांच्या मागे आभाळाखालची रेघ जाड झाली होती.

आईनं टोपली टाकली. त्या वयात ती तशी पळू शकेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पळताना ती दोन्ही हातांनी गावकऱ्यांना हाकलत होती, शेतातली पाखरं उडवावीत तशी. "वर चाला! सारे वर!" मीही ओरडत होतो. तिची भाषा कोणाला कितपत कळली कोण जाणे, पण तिचा चेहरा बघितला आणि माणसं पळत सुटली.

७

पाणी आलं ते लाटेसारखं नव्हतं. नळ चालू राहिलेल्या बादलीत फुगतं तसं ते फुगत आलं. वाळू गेली, मासळीची वाळवण गेली, आणि चंपतरावांच्या ओसरीवर चढून खिडकीच्या गजांना भिडलं. आम्ही पाखाडीच्या अर्ध्यावरून हे बघत होतो. थोड्या वेळानं ते उतरायला लागलं.

त्याला सुनामी म्हणतात हे मला फार पुढे कळलं, आणि ते तेच होतं की आणखी काही, हे आजही कोणी सांगितलेलं नाही. पण एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो आणि लोक हसले तरी सांगतो. समुद्र एकाएकी मागे हटला की गंमत बघत उभं राहू नका. सामान घेऊ नका. उंचावर जा, आणि पहिलं पाणी उतरलं म्हणून खाली येऊ नका.

सत्यवती खाली निघाल्या होत्या. "जाळी राहिली माझी, एवढी घेऊन येते." आई पायरीवर आडवी हात पसरून उभी राहिली.

"कोनी खाली जाचं नाही. ते लोक वर गेले, ते अजून खाली आले नाहीत."

कोण लोक, असं कोणी विचारलं नाही. मला वाटतं, ज्यानं त्यानं ऐकलं होतं. सत्यवती मागे फिरल्या. आम्ही वरच्या वळणापर्यंत चढलो. तिथे एक मोकळा कातळ होता आणि त्यावर पुष्पलता उभी होती. ती आमच्याकडे धावत आली, माझ्या मागे बघितलं, आईच्या मागे बघितलं.

"विशू कुठं हाय?"

"तुझ्याकडे पाठवली मी."

"माह्याकडे नाही आली."

मी वळलो आणि खाली धावत सुटलो. आईनं मला अडवलं नाही. तिनं फक्त "रवी" म्हटलं, आणि त्या हाकेत जा आणि जाऊ नको हे दोन्ही होतं.

खालून आता आवाज यायला लागला होता. दुसरं पाणी येत होतं आणि ते पहिल्यासारखं गप्प नव्हतं. झाडं मोडत होती. चंपतरावांच्या घराची कौलं एकदम आभाळात उडालेली मला फांद्यांतून दिसली आणि मग ते घर तिथे नव्हतं. पाणी पाखाडीवरून वर येत होतं, एकेक पायरी गिळत. मी पोरीचं नाव घेऊन ओरडत होतो, आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात खालच्या वळणावरून विशाखा वर आली.

ती पळत नव्हती. बाजारातून मोठ्या माणसाबरोबर यावं तशी चालत होती. तिचा डावा हात वर उचललेला होता, बोटं मिटलेली, आणि ती मान वर करून बाजूला कोणाकडे तरी बघत काहीतरी सांगत होती. बाजूला कोणी नव्हतं. तिच्या शेजारच्या पायरीवर ओला ठसा उमटला, मग त्याच्या वरच्या पायरीवर दुसरा. मग मुलीचा हात एकदम खाली पडला, आणि ठसे पाण्याच्या दिशेनं फिरले. पाणी तिच्या टाचांच्या एक पायरी खाली येऊन थांबलं.

मी तिला उचलली आणि वर आणली. कशी आणली ते आठवत नाही.

८

पुष्पलतेनं तिला कवटाळलं. दोघी आणि मी, तिघंही मोठ्यानं रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही. पोरीचा फ्रॉक कोरडा होता. पाय कोरडे होते. फक्त डावा हात कोपरापर्यंत ओला होता आणि त्यावरून पाणी ठिबकत होतं.

"कोनासंग आली वं?" आईनं विचारलं.

"त्या बाईसंग. मी शिंपले घ्याले घरात गेलती, मंग दार उघडेचना. तिनं उघडलं अन हात धरला."

"आता कुठं गेली?"

"मले सोडलं अन खाली गेली."

आई तिचा हात पदरानं पुसत राहिली. मी हजार गोष्टी म्हणू शकलो असतो. दार फुगलं असेल, वाऱ्यानं उघडलं असेल, घाबरलेल्या पोराला काहीही दिसतं. एकही म्हणालो नाही.

"खाली अजून कोनी रायलं असन," आई म्हणाली. "त्याले आनाले गेली."

खाली पाणी फिरत होतं, त्यात वासे होते, होड्या होत्या. सत्यवतींनी सगळ्या वस्तीची माणसं पुन्हा पुन्हा नावानं पुकारून बघितली. सगळी वर होती. खाली आमच्यातलं कोणी राहिलं नव्हतं.

आई उठली. कातळाच्या कडेशी गेली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि गावाकडे तळ्याच्या काठावरून बायकांना हाक मारतात तशी मोठ्यानं हाक मारली.

"झालं वं बायांनो! सारे आले. आता तुमी बी या वर. इथं जागा हाय."

आम्ही ऐकत बसलो. बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं. मग खाली पाखाडीवर पहिलं पाऊल पडलं.

सत्यवतींनी पाय पोटाशी ओढून घेतले, पुष्पलतेनं विशाखेला मांडीवर घेतलं, आणि आम्ही सगळेच थोडे थोडे सरकून बसलो.